पंगतीतून उठलेले जावई

लग्नात कानपिळी नावाचा एक प्रकार असतो. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम भरतो आणि नवरदेव कपडा नाहीतर पाकीट देऊन कान सोडवून घेतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्याने गरिबांची आणि अपंगांची आरोग्य योजना, म्हणजे मेडिकेड, खासगी विमा कंपन्यांच्या हवाली केली तेव्हा कानपिळीची तिथेही चोख व्यवस्था होती. केंद्राचे नियम होते, राज्याचे करारनामे होते. फक्त पाकीट उलट्या दिशेने गेलं. ज्याने कान पिळायचा, त्यालाच ते द्यावं लागलं.

1 एप्रिल 2016 ला हा सोहळा झाला. तोवर राज्य सरकार डॉक्टरांची आणि इस्पितळांची बिलं स्वतः भागवत होतं. सरकारला हिशेब जमत नाही, कंपन्यांना जमतो, या सर्वमान्य श्रद्धेपोटी गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅड यांनी अमेरिग्रुप, अमेरिहेल्थ कॅरिटास आणि युनायटेडहेल्थकेअर असे तीन जावई केले. दरडोई ठरलेली रक्कम दरमहा घ्यायची आणि तेवढ्यात माणसाचं दुखणंखुपणं सांभाळायचं, असा व्यवहार. दीड वर्षात अमेरिहेल्थ कॅरिटास पंगतीतून उठली. ऑक्टोबर 2017 च्या अखेरीस घोषणा आणि 30 नोव्हेंबरला प्रस्थान. मागे उरली सुमारे 2 लाख 15 हजार माणसं, आणि त्यांत घरी रोज मदतनीस लागणाऱ्या अपंगांचा वाटा मोठा. अमेरिग्रुपला विचारलं, तर तिने पोटावरून हात फिरवत सांगितलं, आता जागा नाही. मग ज्या सुमारे 10 हजार लोकांनी अमेरिग्रुपचं नाव पसंत केलं होतं, त्यांना तात्पुरतं कुठे ठेवलं? राज्य सरकारच्याच जुन्या, थेट बिलं भागवणाऱ्या योजनेत. जी मोडकी म्हणून टाकून दिली होती, पावसात तीच छत्री उपयोगी पडली. (ब्रॅन्स्टॅड त्याआधीच राजदूत होऊन बीजिंगला रवाना झाले होते. प्रस्थानाच्या बाबतीत जावयांनी सासऱ्याचाच कित्ता गिरवला म्हणायचं.)

कंपनीला बाहेर पडताना नियमांचे केवढे अडथळे पार करावे लागतात, अशी हळहळ या धंद्यात नेहमी ऐकू येते. म्हणून ते अडथळे जरा जवळून पाहू. रुग्णाची सेवा मध्येच तुटू नये, असा केंद्राचा नियम आहे. त्यासाठी संक्रमणाचं धोरण कोणी आखायचं? राज्याने. रुग्णाला किमान दोन कंपन्यांमधून निवड मिळाली पाहिजे, हाही नियम. ती कोणी उपलब्ध करून द्यायची? राज्याने. उरलेल्या कंपनीकडे पुरेसे डॉक्टर आहेत की नाहीत, हे कोणी पाहायचं? तेही राज्यानेच. जाणाऱ्या कंपनीच्या वाट्याला येतं ते मागची बिलं चुकती करणं आणि कागदपत्रं पुढच्याच्या हाती देणं, म्हणजे भाड्याचं घर सोडताना किल्ली परत करण्याइतकं. अडथळ्यांची शर्यत आहे खरी, पण धावतं राज्य आणि त्याच्यामागे चाकाच्या खुर्चीतून रुग्ण. नवं कार्ड घ्या, नवा केस मॅनेजर गाठा, जुना डॉक्टर नव्या यादीत आहे का ते पाहा. उलट आत येण्याची वाट पाहा. नव्या कंपनीची तयारी तपासण्याचं काम प्रत्यक्ष सुरुवातीच्या किमान तीन महिने आधी हाती घ्यावं लागतं. आयोवा टोटल केअर या कंपनीची निवड 2018 मध्ये झाली आणि तिचं काम सुरू झालं 1 जुलै 2019 ला. उंबरठा ओलांडून आत यायला वर्ष, बाहेर पडायला महिना.

यात सगळ्यात मजेदार आहे तो दोन कंपन्यांचा नियम. रुग्ण एकाच कंपनीच्या दावणीला बांधला जाऊ नये, या सद्हेतूने तो केला. पण तीनपैकी एक गेल्यावर हिशेब फिरतो. आता उरलेल्या दोघींपैकी कोणीही दाराकडे नुसतं पाहिलं, तरी राज्याचा नियमभंग व्हायची वेळ. रुग्णाच्या हातात निवड देता देता कायद्याने कंपनीच्या हातात नकाराधिकार दिला. 2018 मध्ये दरडोई रक्कम आठ टक्क्यांच्या आसपास वाढली. यात निम्म्याहून अधिक पैसा वॉशिंग्टनचा असतो, त्यामुळे आयोवाला पाकीट जरा हलकं वाटलं असेल. मार्च 2019 मध्ये युनायटेडहेल्थकेअरही उठली. गव्हर्नर किम रेनल्ड्स यांनी कंपनीच्या मागण्या अवाजवी ठरवून एकदाचं नाही म्हटलं, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. त्या नकारानंतर सुमारे सव्वाचार लाख माणसं पुन्हा हलली. त्यांतल्या अनेकांची, म्हणजे अमेरिहेल्थकडून इकडे आलेल्यांची, दीड-पावणेदोन वर्षांतली ही दुसरी बदली. सरकारी नोकरांच्याही इतक्या लवकर होत नाहीत. आणि त्या वर्षीची दरवाढ? पुन्हा आठ टक्क्यांच्या वर.

कंपन्यांची बाजू खोटी नाही. पहिल्या वर्षी तिन्ही कंपन्यांना कोट्यवधी डॉलरचा तोटा झाला. राज्याने बचतीचं स्वप्न आधी पाहिलं आणि दर त्या स्वप्नावरून बेतले. तोट्यात दुकान चालवा असं कोणाला बांधून ठेवता येत नाही, ठेवूही नये. पण दर अपुरे आहेत हे करारावर सही करताना दिसत नव्हतं काय? आकडेमोड जमते म्हणूनच तर यांना बोलावलं होतं. कमी बोलीत आत शिरायचं आणि लाखो माणसं ताब्यात आल्यावर खरा भाव सांगायचा, याला बाजार म्हणा हवं तर, पण मग रुग्णसेवेच्या पाट्या तरी उतरवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दार फार घट्ट केलं तर आत कोण येईल? याचं उत्तर त्याच देशात, ज्येष्ठ नागरिकांच्या मेडिकेअरमध्ये सापडतं. तिथे कंपन्यांचा असाच खेळ खेळून झाला आहे. दरवाढीला कात्री लागल्यावर 1990 च्या दशकाच्या शेवटी त्या घाऊक भावाने बाहेर पडू लागल्या. एकट्या 2001 च्या सुरुवातीला नऊ लाखांहून अधिक वृद्धांच्या कंपनीने काढता पाय घेतला. आज तिथे पुढच्या वर्षी थांबायचं नसेल, तर जूनच्या पहिल्या सोमवारपर्यंत सरकारला कळवावं लागतं, सदस्यांना किमान 90 दिवस आधी पत्र द्यावं लागतं, आणि एकदा करार सोडला की दोन वर्षं परतीचं दार बंद. एवढा बंदोबस्त असूनही कंपन्या रांग लावून उभ्या आहेत. मेडिकेअरच्या निम्म्याहून अधिक लाभार्थ्यांनी 2023 पर्यंत खासगी योजना घेतल्या होत्या. अर्थात तिथे पैसाही सढळ मिळतो, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणजे दाराची कडी पाहून कोणी परतत नाही. आत ताटात काय वाढलंय, ते पाहून ठरतं. म्हातारे मतदानाला हटकून जातात. त्यांच्या दाराला कडी आहे आणि गरिबांच्या दाराला पडदा, हा योगायोग समजायचा की काय ते ज्याने त्याने ठरवावं.

आयोवाने मात्र उमेद सोडलेली नाही. जुलै 2023 मध्ये मोलिना नावाचा तिसरा जावई वाजतगाजत आला. आणि 2017 मध्ये पोट भरलेल्या, तरीही शेवटपर्यंत पाटावर बसून राहिलेल्या अमेरिग्रुपने 2024 च्या पहिल्या दिवशी नाव बदलून वेलपॉइंट केलं. म्हणजे या खेपेला कोणी उठून गेलं नाही, तरी आपली कंपनी कोणती, हे लोकांना पुन्हा एकदा पाठ करावं लागलं.