पेठेचा खेळाडू

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल येतोच, असं कोल्हापूरच्या माणसाला वाटतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना लागला, की पायऱ्यांवर बसून मी बावीस जणांना खेळ शिकवतो. ते ऐकत नाहीत, हा त्यांचा प्रश्न.

हाच आत्मविश्वास घेऊन मी बायकोबरोबर झांझिबारला गेलो. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर जांबियानी नावाचं गाव आहे. तिथे ओहोटीला समुद्र इतका आत जातो, की पोहायला आलेले पाहुणे हातात टॉवेल धरून पाणी शोधत फिरतात. लांब उथळ पाण्यात बायका काठ्या रोवून समुद्री शेवाळाची शेती करतात आणि अलीकडच्या घट्ट, सपाट वाळूत पोरांचा फुटबॉल रंगतो. सामन्याची वेळ ओहोटी ठरवते. ती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे उशीर झाला म्हणून कुणी कुणावर रागावत नाही.

आमच्या लॉजच्या मालकाने नाश्त्यालाच बेटाचं दुखणं सांगितलं होतं. आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघाने मार्च 2017 मध्ये झांझिबारला पूर्ण सदस्य करून घेतलं आणि जुलैत काढूनही टाकलं. मी हळहळलो. चार महिने म्हणजे फारच झाले, हे मला संध्याकाळी कळलं.

“आय ॲम फ्रॉम कोल्हापूर,” असं मी यांगा क्लबचा पिवळा टी-शर्ट घातलेल्या पोराला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि माझ्या पायांकडे पाहिलं. मला वाटलं, पोटऱ्या बघतोय. त्याला चपला हव्या होत्या. एका गोलला एकच काठी होती. दुसऱ्या काठीच्या जागी माझी कापशी जोडी एकावर एक रचली गेली आणि मला संघात घेतलं.

पहिला चेंडू आला तेव्हा सवयीने मी ओरडलो, “अरे सेंटर कर, सेंटर कर!” चेंडू माझ्याच पायात होता. दहा-बारा वर्षांच्या एका पोराने तो अदबीने काढून नेला. दुसऱ्या वेळी मी लाथ मारली ती वाळूला. अंगठा सुजला, चेंडू जागच्या जागी. मग माझी गोलकीपरपदी नेमणूक झाली. तिथून मला हटवायला दोन गोल पुरले. बायको किनाऱ्यावर मोबाइल धरून बसली होती. तिचा हात हसण्याने हलत होता, म्हणून पुरावा अंधुक आहे.

एवढ्यात भरती लागली. पाण्याची पहिली जीभ चपलांपर्यंत आली आणि माझा जीव खालीवर झाला. खाऱ्या पाण्यात कातडं आलं म्हणजे संपलंच! मी धावत जाऊन जोडी उचलून छातीशी धरली. खेळ थांबला. पिवळ्या टी-शर्टवाल्याने क्षणभर विचार केला, माझे खांदे धरून मला नेमकं चपलांच्या जागी उभं केलं आणि खेळ सुरू केला.

या जागेवर मी बरा होतो. पाय घोट्यापर्यंत पाण्यात, चपला काखेत, चेहऱ्यावर जबाबदारी. शेवटी एक शॉट सरळ माझ्या पोटाच्या रोखाने आला आणि मी टुणकन बाजूला उडी मारली.

गोल की बाहेर? दोन्ही संघ भांडायला लागले. एकाचं म्हणणं, चेंडू खांबाला लागला असता. दुसऱ्याचं म्हणणं, खांबच पळाला, त्यात आमचा काय दोष? माझ्या पावलांचे ठसे तपासायला दोघं वाकले, पण ते लाटेने पुसले होते. मग एकाने होडीतून एक काठी आणली आणि मला हाताला धरून बाजूला केलं.

काठी हलली नाही.