कोशिंबीर : मानक कार्यपद्धती

व्याप्ती : निगडी, भोसरी, मोशी, चाकण येथील ज्या घरांत तिन्ही शिफ्टचे डबे एकाच ओट्यावर भरले जातात, ती सर्व घरे. कालावधी : दिवाळीनंतर थंडी पडल्यापासून गाजरे महाग होईपर्यंत.

१. कच्चा माल : खेड बाजार समितीच्या चाकण आवारात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग लागले, की हंगाम सुरू झाला असे समजावे. गाजर, मुळा, पातीचा कांदा पिंपरीच्या मंडईत मिळेल. गाजर मोडून पाहावे; कट्ट आवाज आला तर माल पास. मुळा जून निघाल्यास रिजेक्ट. त्याचा पाला मात्र स्क्रॅप नव्हे, त्याची भाजी होते. भाव करण्याचे अधिकार घरातील ज्येष्ठ महिलेकडे राहतील. इंजिनिअरांनी पिशवी धरावी.

२. सुरक्षा : किसणीवर गाजराचा शेवटचा तुकडा संपवण्याचा हट्ट धरू नये. तो ऑपरेटरने जागीच खावा. काकडी विळीवर चोचवताना मोबाइल पाहण्यास सक्त मनाई आहे.

३. ड्रेसिंग : दोन प्रकार मंजूर आहेत.
(अ) फेसलेली मोहरी : कोरडी मोहरी अगदी गरीब असते. पाणी घालून फेसली, की तिच्यातला झणझणीतपणा तयार होतो आणि नाकात जातो. दही, किंचित साखर आणि ही मोहरी गाजराला लावावी. मोहरी तेल आणि आंबट रस यांना फुटू देत नाही, म्हणून फ्रेंच लोकही व्हिनेग्रेटमध्ये ती घालतात. आपण त्यांच्याकडून रॉयल्टी मागितलेली नाही.
(ब) दाण्याचे कूट, लिंबू आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी : काकडीसाठी. गाजरालाही चालते. गाजरातले बीटा-कॅरोटीन तेलाच्या सोबतीने अंगी लागते. ‘तेल अजिबात नको’ म्हणणाऱ्या सदस्यास हे कलम वाचून दाखवावे.

४. जुळणी : मीठ भाजीतले पाणी ओढून काढते. पहाटे मीठ लावलेली काकडी, त्यात कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेली, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत डब्यात कोशिंबिरीचे सार. सबब मीठ पुडीत, दही वेगळ्या डबीत द्यावे. कालवणे जेवायला बसल्यावरच.

५. पर्यायी पद्धत : सोलापूर-मराठवाड्याकडून नोकरीला आलेल्या सहकाऱ्यांचा मेथीचा घोळाणा. कच्ची मेथी बारीक चिरून कांद्याची पात, दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल. किसणी नाही, फोडणी नाही, गॅस बंद. वर्षानुवर्षे कायझेनचे फलक रंगवणाऱ्यांनी एवढी खर्चकपात एका पदार्थात पाहिलेली नसेल. भाकरी अनिवार्य.

६. तपासणी : डबा परत आल्यावर करावी. रिकामा असल्यास मंजूर. तळाशी पाणी असल्यास कलम ४ पुन्हा वाचावे. झाकणच उघडले नसल्यास गेटबाहेरच्या वडापावची चौकशी व्हावी; पद्धतीत दोष नाही.

निर्णय : घरात मोहरी आणि शेंगदाणे शिल्लक असेपर्यंत बाटलीबंद ड्रेसिंगच्या खरेदीचे सर्व प्रस्ताव फेटाळण्यात येत आहेत. येत्या साप्ताहिक सुट्टीला प्रत्येक घराने घोळाण्याची चाचणी घ्यावी. मेथी निवडण्याचे काम पिशवी धरणाऱ्यांकडेच राहील.