पूर्वाश्रमीचा नंबर

मोबाइलच्या बाबतीत आमच्या सोसायटीत माझा शब्द शेवटचा. कुणाचं स्टोरेज भरलं, कुणाचा फोन आपोआप हिंदीत बोलायला लागला, की नव्या पनवेलातली ती माणसं थेट आमच्या दारात. मी चष्मा कपाळावर सरकवतो आणि म्हणतो, "बघू." या 'बघू'ला डॉक्टरच्या 'जीभ काढा'इतका मान आहे. त्यामुळे न्यू जर्सीत, एडिसनला मुलीकडे जाताना तिने रोमिंग सुचवलं, ते मी बाणेदारपणे नाकारलं. तिथलं सिम घेईन, स्वतः घेईन.

सिमचा खण उघडायची इवलीशी पिन मी कागदात गुंडाळून पाकिटाच्या चोरकप्प्यातून नेली होती. दुकानात ती तलवारीसारखी उपसली. काउंटरवरचं पोरगं बघतच राहिलं. २०२२ साली आयफोन १४ आला, तेव्हापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनना सिमचा खणच नाही. त्याने ही पिन आजोबांच्या कपाटात पाहिली असेल तर असेल. एक चौकोनी कोड स्कॅन केला, ई-सिम सुरू. 'बघू' म्हणायलाही फट मिळाली नाही.

मी घेतला तो सगळ्यात स्वस्त, मिनिटं मोजणारा प्लॅन. यात फोन करणाऱ्याची कापली जातात तशी उचलणाऱ्याचीही मिनिटं कापली जातात. आपल्याकडे १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि आपण ते दुःख विसरलो. त्याआधी फोन वाजला की आधी नाव बघायचं, मग पदरमोड करण्याइतका माणूस महत्त्वाचा आहे का ते ठरवायचं, आणि मग जवळचा एसटीडी बूथ शोधायचा.

आणि माझा फोन वाजायला लागला! परक्या मुलखात दुसऱ्याच दिवशी इतकी मागणी, मी सुखावलो. पण सगळ्यांना हवा होता नंबराचा आधीचा मालक. तिथे बंद पडलेला घरगुती नंबर किमान ४५ दिवस तसाच ठेवून मग पुढच्या गिऱ्हाइकाला देता येतो. ४५ दिवस, म्हणजे आपल्याकडे त्रैपाक्षिक श्राद्ध उरकलं की लगेच पुनर्जन्म. या गृहस्थाचं नाव मी घेत नाही, बिचाऱ्याची आधीच पुरेशी बदनामी झाली आहे. त्याचे गाडीचे हप्ते थकले होते. दंतवैद्याकडची वेळ त्याने चुकवली होती. कुणी एक बाई त्याच्यावर रागावली होती आणि माझा 'राँग नंबर' तिला त्याचंच नवं नाटक वाटत होतं. तिची समजूत काढण्यात माझी बरीच मिनिटं गेली. पुढे पुढे तर मला त्याची काळजी वाटू लागली. दाढ दुखली की वाटायचं, त्या वेळेला निदान आपण जाऊन यावं.

मला हव्या असलेल्या एका माणसाने मात्र फोन उचलला नाही. आई धाकट्या भावाकडे, जुन्या पनवेलात वडाळे तलावापाशी राहते. तिच्याकडे साधा बटणांचा फोन. डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचून मीच तिला दम भरला होता: पुढे ९१ नसलेला नंबर उचलायचा नाही, ओटीपी कुणाला द्यायचा नाही. ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. आता माझा फोन एकने सुरू होत होता आणि आई आज्ञाधारकपणे कापत होती.

शेवटी भावाने मध्यस्थी केली. तिने उचलला, पण 'हॅलो' नाही.

"आपला मिठाचा डबा कुठे असतो?"

"ओट्याखाली, डावीकडे."

"तिथे असायचा. आता कुठे असतो?"

मला सांगता येईना. नव्या पनवेलातून जुन्यात जायला रिक्षाने असा कितीसा वेळ लागतो? मी जातो, बाहेरच्या खोलीत बसतो, तिचा फोन तपासतो, चार सूचना देतो आणि निघतो. चहा बाहेर येतो. आत तिचे गुडघे वाकेनासे झाले, म्हणून डबे वर आले, हे मोबाइल तपासताना कळत नाही.

"ओट्यावर ठेवलाय मी आता," तीच म्हणाली. "तुझ्या बापाचाही आवाज फोनवर असाच घोगरा यायचा. तूच आहेस. पण ओटीपी मी देणार नाही हो, आधीच सांगते. जेवलास का?"