छत्तीसपैकी अठरा

तुमचा ट्रॅक्टर किती एचपीचा, असं आप्पांना विचारलं की ते उलट विचारतात, "कुठं?"

शोरूममध्ये की रानात, असा त्याचा अर्थ. "कागदावर ३६. मागच्या शाफ्टवर तीसेक. आणि काळ्या रानात फाळ घुसला की अठरा-वीस. तुला कुठला आकडा पाहिजे?" विचारणाऱ्याला बहुधा यातला कुठलाच नको असतो. त्याला स्वतःच्या नव्या ट्रॅक्टरचा आकडा सांगायचा असतो, आणि आप्पांची चौकशी ही नुसती प्रस्तावना असते.

हे आप्पा करमाळ्याकडचे, उजनीच्या पाण्यावर ऊस करणाऱ्या गावातले. पण काळी जमीन आणि जुना ट्रॅक्टर जिथं म्हणून एकत्र नांदतात, तिथं बांधावर असा एक माणूस उभा असतोच. डोक्याला टोपी, खिशात खडू आणि चेहऱ्यावर दुसऱ्याचं ठरलेलं स्थळ मोडायला आल्याचा भाव. कारण आप्पांचा मुख्य धंदा जुळवाजुळवीचा. ट्रॅक्टर वर, अवजार वधू, दोघांची पत्रिका बघायची आणि बैठकीतच सांगायचं, "जमत नाही."

त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर जुना मॅसी १०३५, छत्तीस एचपीचा. पत्रिकेतले गुणही छत्तीस. हा योगायोग आप्पा योगायोग मानायला तयार नाहीत. "अठरा गुण जुळले की लग्न लागतं. आन् मातीत उतरेपर्यंत उरतात किती? अठरा! म्हणजे बघ." काय बघायचं ते ते सांगत नाहीत, पण ऐकणारा मान हलवतो.

गावाची अडचण अशी, की अवजार ट्रॅक्टरच्या मापानं घेतलं जात नाही, शेजाऱ्याच्या मापानं घेतलं जातं. शेजाऱ्यानं पाच फुटी रोटर आणला की याला सहा फुटी. त्यानं नऊ दाती मोगडा घेतला की याला अकरा दाती. ट्रॅक्टरला कोणी विचारत नाही. तो बिचारा काळा धूर सोडून आपलं मत देतो, पण धुराला ताकद समजण्याची आपल्याकडं रीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिले लोखंडी नांगर केले तेव्हा लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी त्यांच्या जवळ फिरकेनात, नांगर विकले जाईनात. त्याच शेतकऱ्यांचे पणतू आज लोखंडाच्या वजनावर पत मोजतात. विष कुठं चढलं म्हणायचं?

तर आप्पांच्या पुतण्यानं, त्यांच्यासारखाच जुना १०३५ दारात असताना, दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगर आणला. सेकंडहँड, स्वस्तात. पन्नास एचपीच्या मागं शोभणारं धूड. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि पहिलं तास संपून वळणावर नांगर वर उचलला तसा ट्रॅक्टरच पुढून उठला. पुढची चाकं अधांतरी, स्टेअरिंग फिरतंय आणि ट्रॅक्टर सरळ विहिरीकडं. यावर गावानं तातडीनं काढलेला तोडगा म्हणजे पुढच्या बंपरवर दोन पोरं बसवणं. आप्पा पोचले तेव्हा पोरं बसलेली होती आणि तिसरं, जरा जाड पोर बोलवायला माणूस गेला होता.

आप्पांनी आधी पोरं उतरवली. त्यासाठी ज्या शिव्या दिल्या त्या इथं नकोत. मग खिशातून खडू काढला.

त्यांची ही तपासणी बघण्यासारखी असते. मागच्या टायरवर खडूची एक जाड रेघ. नांगर वर उचलून ट्रॅक्टर चालवायचा, रेघ दहा वेळा खाली येईपर्यंत, आणि आप्पा शेजारून धोतर सावरत पावलं मोजत चालणार. भरली ५२. मग नांगर मातीत, पुन्हा दहा फेरे. या वेळी ३९ पावलांत फेरे संपले. आप्पा थांबले, मागं वळून तेरा पावलांच्या रिकाम्या रानाकडं बघितलं आणि म्हणाले, "ही तेरा पावलं तू डिझेल जाळून जागच्या जागी चाललास. शंभरातली पंचवीस. दहा-पंधरापर्यंत चाक फिरलं तर मी बोलत नाही. पंचवीस म्हणजे टायर घासायचा कारखाना."

पुतण्या शिकलेला. त्यानं मोबाइल काढला. "आप्पा, तुमचाच हिशेब घ्या. फाळ एक फूट रुंद, दोन मिळून ६० सेंटिमीटर. खोली एक फूट, म्हणजे ३०. गुणाकार १८००. वाफशावरचं काळं रान चौरस सेंटिमीटरला धरा ७०० ग्रॅम. ओढ झाली १२६० किलो. तासाला चार किलोमीटरनं चाललो, २७० नं भागलं, तर लागतात पावणेएकोणीस एचपी. तुमचे अठरा-वीस मातीत आहेत ना? मग गुण भरले की!"

आप्पांनी त्याच्याकडं कौतुकानं बघितलं. हा हिशेब पुतण्याला त्यांनीच शिकवला होता.

"गुण भरले रे," ते म्हणाले, "पण नाडीदोष आहे."

आणि इथं ते खरोखर कामाचं बोलतात, म्हणून बांधावरची माणसं त्यांना सहन करतात. ताकद इंजिनात असते, पण ओढ चाकाखालच्या मातीत लागते. पावणेदोन टनांचा ट्रॅक्टर शेतात ढोबळ मानानं आपल्या निम्म्या वजनाएवढं ओढतो, पावणेनऊशे किलोच्या आसपास. त्यापुढं लो गियर टाका नाहीतर नवस बोला, इंजिन फिरतं, चाकही फिरतं, फक्त ट्रॅक्टर सरकत नाही. तोच नांगर एक फुटाऐवजी आठ इंच घातला तर ओढ येते ८४० किलोवर, आणि एवढं त्याला झेपतं. रोटरची गोष्ट वेगळी. त्याची पाती शाफ्टवर फिरतात आणि ट्रॅक्टरला उलट पुढंच ढकलतात. तिथं चाक घसरत नाही, इंजिनाचा श्वास कोंडतो. "नांगर पाय बघतो, रोटर छाती बघतो," हे आप्पांचं वाक्य गावात इतकं चालतं की परवा एका लग्नात ते नवरदेवाबद्दल ऐकू आलं.

मग नाडीदोषाची शांत. मागच्या टायरांत पाऊण पाऊण पाणी भरा, वजन वाढेल. खोली आठ इंच. आणि लिफ्टच्या दांड्याला पुतण्यानं बांधलेली सुतळी आप्पांनी स्वतः विळ्यानं कापली. जड माती आली की नांगराचा रेटा टॉपलिंकमधून हायड्रॉलिकला कळतो, आणि ते नांगर बोटभर उचलून ट्रॅक्टरला मोकळा करतं. सुतळीनं त्याचे हातच बांधले होते. ही युक्ती हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची, आणि मॅसीच्या पूर्ण नावात अजून त्याचं आडनाव आहे. आप्पांचा त्याच्यावर फार जीव. त्यानं १९३८ साली हेन्री फोर्डशी नुसता हात मिळवून सोयरीक केली, कागद केला नाही. पुढं फोर्डच्या नातवानं ती मोडली आणि प्रकरण कोर्टात जाऊन १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर मिटलं. "तोंडी यादी!" आप्पा हळहळतात, जणू बैठकीला त्यांना बोलावलं असतं तर त्यांनी सुपारी फोडण्याआधी कागद करून घेतला असता.

नांगर पुतण्यानं अखेर विकला. वळणावर पुढून उठायचं काही थांबेना, आणि नुसत्या आठ इंचांसाठी एवढं लोखंड कशाला पोसायचं? त्याला आप्पांनी साधा, हलका दोन फाळी बघून दिला. जोडी बरी चाललीय.

राहिलं आप्पांचं स्वतःचं रान. तिथं दर तीन वर्षांनी खोडवा मोडल्यावर नांगरट चांगली फूटभर खोल होते, आणि छत्तीसच्या ट्रॅक्टरनं ती होते कशी, हे कोडं गावाला पुष्कळ वर्षं सुटलं नव्हतं. पुतण्यानं सोडवलं. रात्री मोटार चालू करायला गेला तर आप्पांच्या रानात दोन मोठे दिवे. शेजारच्या गावचा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर, भाड्यानं. मागं नांगर पुतण्यानं विकला तोच.

"आप्पा, हे काय?"

"काय म्हणजे? तीन वर्षांतून एका रात्रीच्या कामाला पन्नासचा ट्रॅक्टर दारात बांधू? हप्ते तू भरणार का?" यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. रात्रीच का, एवढंच विचारायचं राहिलं होतं, पण आप्पा तोवर टॉर्च घेऊन टायरापाशी वाकले होते. रेघ मारलेली होतीच.

"थांब रे! नांगर उचल. दहा फेरे पुन्हा घेऊ."

ड्रायव्हरनं ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला आणि पुतण्याला म्हणाला, "दादा, एकराचा भाव ठरला होता आपला. आता तासाचा लावा."