लोगोप्रेमी सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

यापुढे ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगच्या मागे फर्मचा लोगो हवा, मधोमध आणि शीटभर, हे आपले फर्मान ग्रुपवर वाचले आणि ऊर भरून आला. इतकी वर्षे आम्ही ड्राफ्ट्समन मंडळी शीटवरची मोकळी जागा मोकळीच सोडत आलो. ए-वन शीट म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर, अर्धा चौरस मीटर पांढराशुभ्र कागद! होर्डिंगच्या भाड्याचे दर आपल्याला तोंडपाठ आहेत, आणि आम्ही ही जागा फुकट घालवत होतो. का, तर म्हणे बीमचे माप नीट वाचता यावे.

पत्र अनावृत लिहितो आहे, कारण असे सर आपण एकटेच नाही. पुण्यापासून नागपूरपर्यंत, आर्किटेक्ट असोत की स्ट्रक्चरल कन्सल्टंट, नवे लेटरहेड छापून आले की साहेबांची पुढची नजर ड्रॉइंगवरच जाते. त्या सगळ्यांच्या टेबलावर हे पोचावे ही इच्छा.

अंमलबजावणी लगेच सुरू केली. लोगो आपण व्हॉट्सॲपवर पाठवलात हे फार बरे केलेत. मूळ व्हेक्टर फाइल डिझायनरकडे मागितली असती तर त्याने आधी राहिलेले बिल मागितले असते. व्हॉट्सॲपने दाबून पाठवलेले ते हजारभर पिक्सेलचे चित्र शीटवर ८०० मिलिमीटर रुंद पसरले, तेव्हा एकेक पिक्सेल ०.८ मिलिमीटरचा झाला. आमची डायमेन्शनची रेघ ०.१८ मिलिमीटरची. म्हणजे लोगोतला बारकातला बारका ठिपका आमच्या रेघेच्या चौपट जाड. मानपान तिथेच ठरून गेले. शिवाय फाइल जेपीजी, त्यामुळे लोगोबरोबर त्याचा पांढरा चौकोनही आला आणि दोन कॉलम त्याच्याखाली गडप झाले. ड्रॉऑर्डरने तो मागे ढकलेपर्यंत इमारत दोन कॉलम कमी घेऊन उभी होती.

पहिला सेट मेल केला तेव्हा आणखी गंमत. ऑटोकॅड चित्र फाइलच्या पोटात घेत नाही, ते कुठे ठेवले आहे तेवढा पत्ता लक्षात ठेवते. चित्र सोबत गेले नाही, तर समोरच्याला रिकामी चौकट दिसते आणि तिच्यात तो पत्ता. आपल्या क्लायंटने ड्रॉइंग उघडले, तर आराखड्याच्या ऐन मध्यावर ‘लोगो_फायनल_नक्की_फायनल_२’. ब्रँडची पहिली ओळख झाली ती अशी.

मग जेपीजीचा नाद सोडून लोगो सॉलिड हॅचमध्ये पुन्हा काढला आणि फिका करायला ट्रान्स्परन्सी दिली. प्लॉट काढताना ट्रान्स्परन्सीच्या चौकटीत वेगळी खूण करावी लागते, नाहीतर कागदावर लोगो गडद तो गडदच उतरतो. खूण केली, तर अख्ख्या शीटचे आधी चित्र बनते आणि मग प्लॉट निघतो, तोही रमतगमत. संध्याकाळी सेट न्यायला आलेला साइटचा मुलगा चहा पिऊन, फोन चार्ज करून, पुन्हा चहा पिऊन गेला. आदरातिथ्याचा खर्च ब्रँडिंगच्या खात्यावर टाकावा ही नम्र सूचना.

पण खरी बहार साइटवर. तिथे ए-वन कोणी हाताळत नाही. वाऱ्यात फडफडते, मचाणावर मावत नाही. सुपरवायझर त्याची ए-थ्री झेरॉक्स काढतो आणि लॅमिनेट करून फिटरच्या हाती देतो. ए-वनची ए-थ्री केली की लांबी-रुंदी बरोबर निम्मी होते. अडीच मिलिमीटर उंचीचा आकडा सव्वा मिलिमीटरवर येतो. त्यात झेरॉक्सच्या मशीनला फिका राखाडी रंग धड कळत नाही. त्याची ते ठिपक्यांची रांगोळी करते, आणि आपल्या लोगोतल्या उगवत्या सूर्याचा एक किरण नेमका बीमच्या रिंगांच्या अंतरावरून जातो. इंग्रजी ५ आणि ८ तसेही बारीक अक्षरात एकमेकांत मिसळतात. फिटरने फोन केला, “साहेब, दीडशेवर घेऊ का एकशे ऐंशीवर?” त्याने विचारले, हे त्याचे उपकार. शिअर पेलायला रिंगा किती जवळ हव्यात याचा हिशेब आपण रात्र जागवून केला होतात. तो हिशेब आपल्याच सूर्यकिरणाखाली झाकला गेला. न विचारणारे फिटरही असतात, सर.

आकडा किती नाजूक असतो याचा नमुना आपल्याच धंद्यातला आहे. २०१३ मध्ये जर्मनीत डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने एका घराच्या नकाशाची झेरॉक्स कंपनीच्या मशीनवर निघालेली प्रत पाहिली. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ च्या. मशीन फाइल लहान करण्यासाठी सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवत होते. प्रत दिसायला स्वच्छ, सुंदर आणि साफ खोटी. तिथे आकड्यांमागे कसलाही लोगो नव्हता. आम्ही तो मुद्दाम घालतो आहोत.

महापालिकेचे तर बोलूच नये. मंजुरीच्या नकाशात कोणता रंग काय सांगतो हे नियमांनी ठरवून दिले आहे. प्रस्तावित काम लाल, पाडायचे काम पिवळ्या हॅचने. आपल्या सूर्याचे किरण पिवळे आहेत, तिरपे आहेत आणि समान अंतरावर आहेत. जुन्या जिन्यावर ते पडले की पाहणाऱ्याला जिना पाडायचा आहे असे वाटले, तर चूक त्याची म्हणता येणार नाही. प्लॅन शेऱ्यासकट परत आला, तर तो शेरा फ्रेम करून रिसेप्शनमध्ये लावूया. लोगो कोणीतरी इतक्या बारकाईने वाचला याचा तो पुरावा असेल.

आपला मुख्य मुद्दा चोरीचा आहे हे ठाऊक आहे. कोणीतरी आपले डिटेल उचलून स्वतःच्या नावावर खपवले, त्याचा राग मलाही आहे. पण ज्याला डीडब्ल्यूजी फाइल मिळाली तो लोगोचा लेयर एका क्लिकमध्ये बंद करतो, आणि ज्याला नुसता कागद मिळाला तो तसाही सगळे नव्याने काढतो. लोगो छळतो तो फक्त प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला. तेराव्या शतकात इटलीतल्या फाब्रियानोच्या कागद बनवणाऱ्यांनी आपली खूण कागदातच उमटवायला सुरुवात केली, पण ती उजेडासमोर धरल्यावरच दिसे. लिहिणाऱ्याच्या वाटेत ती येत नसे. आपल्याकडे घरोघरी भांड्यांवर नावे घालतात तीही काठाला. आमटीच्या तळाशी कोणी नाव घालून घेत नाही.

आणि ड्रॉइंगला तो काठ आहेच. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी भारतीय मानक ब्युरोचे एसपी ४६ पुढ्यात ठेवून आम्हाला शिकवले, टायटल ब्लॉक उजवीकडे खालच्या कोपऱ्यात. तो कोपरा उगाच निवडलेला नाही. शीटच्या घड्या घालून ती ए-फोरएवढी केली की हाच कोपरा सगळ्यांच्या वर येतो. कपाटात, फाइलीत, सुपरवायझरच्या काखेत, सदैव दर्शनी. आपला शीटभर लोगो मात्र घडीच्या आत, पोटात. म्हणजे नाव दिसावे एवढाच हेतू असेल, तर त्यासाठी सर्वांत वाईट जागा आपण निवडली आहे. टायटल ब्लॉकमध्ये प्रकल्पाचे नाव, स्केल, रिव्हिजन, तारीख आणि आपली सही लायसन्स नंबरासकट असते. उद्या बीमला तडा गेला तर लोक लोगो शोधणार नाहीत, तिथली सही शोधतील.

तरीही हट्टच असेल, तर करून देतो. पेपर स्पेसमध्ये, स्वतंत्र लेयरवर, प्लॉट स्टाइलमध्ये स्क्रीनिंग दहा टक्के, नोट्सच्या पट्टीखाली, आराखड्याला न शिवता. प्रेझेंटेशनच्या सेटला खुशाल ठेवा. क्लायंटला दाखवायच्या रंगीत व्ह्यूवर हवे तर सूर्याबरोबर चंद्रही घाला. बांधकामासाठी साइटवर जाणाऱ्या जीएफसी सेटवर नको. ज्या कागदावर बघून सळई कापली जाते, त्यावर मापांखेरीज काहीही नको, एवढे एक माझे ऐका.

चौथ्या मजल्याच्या स्लॅबचा सेट आपल्या टेबलावर ठेवला आहे. त्यात लोगोचा लेयर फ्रीझ केला आहे. उजव्या कोपऱ्यात सहीची जागा रिकामी आहे, तेवढी सही करून द्यावी. सकाळी फिटर यायच्या आत सेट साइटवर पोचायला हवा.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
शेवटच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन