सहा टक्केवाले नाना

आत्याच्या तेराव्याला, पानात लाडू पडायच्या आधीच, नानांनी मला कोपऱ्यात घेतलं. मला वाटलं, सांत्वन करतील. त्यांनी विचारलं, "दाखल्यावर तारीख कुठली पडलीय?"

नाना आत्याचे मावसभाऊ. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले, पण कानामागची पेन्सिल निवृत्त झाली नाही. आत्याने मृत्युपत्रात त्यांना दहा हजार रुपये ठेवले आणि मला एक्झिक्युटर नेमलं. दोघांपैकी तिची माया कोणावर जास्त होती, हे मला नंतर कळलं.

पुढच्या रविवारी नाना काकूंना घेऊन आले. बगलेत वकील जावयाकडून आणलेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा, आणि कलम ३५१ वर खूण म्हणून एसटीचं तिकीट. नुसती रक्कम ठेवली असेल आणि ती कधी द्यायची ते लिहिलं नसेल, तर पहिलं वर्ष बिनव्याजी. देणी-घेणी निस्तरायला एक्झिक्युटरला तेवढी सवड. वर्ष उलटलं की व्याज सुरू. मरणारा हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख किंवा जैन असेल तर सहा टक्के, एरवी चार. "धर्म मरणाऱ्याचा बघायचा, घेणाऱ्याचा नाही," नाना म्हणाले. आत्याने शेजारच्या पारशी मैत्रिणीलाही पाच हजार ठेवले होते. तिलाही सहाच टक्के मिळणार, हे त्यांना जरा लागलं होतं.

पण त्यांचा खरा डोळा अपवादांवर. मृत्युपत्र करणारी व्यक्ती घेणाऱ्याला आईबापाच्या जागी असेल, तर व्याज मृत्यूच्या दिवसापासूनच धावतं. नानांनी आवंढा गिळला. "ताईनेच वाढवलं रे मला."

ताई त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. पुरावा काय, तर आजोळच्या दोन मे महिन्यांच्या सुट्ट्या, एक गोवर आणि विहिरीवर घातलेली एक आंघोळ.

"पण नाना, तुमचे आईवडील होते ना तेव्हा?"

"होते. लक्ष नव्हतं त्यांचं."

मी बधलो नाही, तसे ते कर्जाच्या अपवादावर गेले. कर्ज फेडण्यासाठी ठेवलेल्या रकमेलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, आणि ताईने त्यांचा पितळी कंदील नेला होता तो परत केला नव्हता. तिसरा अपवाद अज्ञान मुलाच्या पोटापाण्यासाठी ठेवलेल्या रकमेचा. वयाची अट सोडली तर तो लागू पडायला हरकत नाही, असं काकूंचं मत पडलं.

मग आलं वर्षश्राद्ध. ते तिथीने, म्हणजे तारखेच्या अकरा दिवस आधी. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत आम्ही गच्चीवर उभे, आणि नाना माझ्या कानाशी: "हिंदूचा दर लावतोस ना? मग वर्षही हिंदूचंच धर. आजपासून व्याज चालू. अकरा दिवसांचे अठरा रुपये आठ पैसे." कावळा शिवत नव्हता. आत्याची काहीतरी इच्छा राहिली असावी असं भटजी म्हणाले. मला तिची इच्छा बरोबर कळत होती. मधे अधिक महिना पडून तिथी तारखेच्या पुढे गेली असती, तर याच नानांनी इंग्रजी कॅलेंडर उराशी धरलं असतं, यात मला शंका नाही.

त्यांना सगळ्यात चटका लावला तो मेंढ्यांनी. कायद्यात उदाहरण आहे: मेंढ्यांचा कळपच एखाद्याला ठेवला, तर मृत्यूनंतर ताब्यात मिळेपर्यंत निघालेली लोकर आणि झालेली कोकरं त्याचीच. "ताईने पैशांऐवजी मेंढ्या ठेवल्या असत्या तर!" नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले. आत्या तिसऱ्या मजल्यावर राहायची.

चौदा महिन्यांनी चेक दिला: दहा हजार, अधिक दोन महिन्यांचे शंभर, अधिक माझ्या खिशातले अठरा रुपये आठ पैसे. नानांनी आकडा पेन्सिलीने पडताळला आणि पिशवीतून एक कागद काढला. त्यांचं स्वतःचं मृत्युपत्र. पुतण्यांना प्रत्येकी पाच हजार, पण मृत्यूनंतर दहा वर्षांनी. मुदत लिहून ठेवली की तोवरचं व्याज पुतण्यांना जात नाही, शेष मालमत्तेत जमा होतं, कलम ३५२. पुतणे सगळे सज्ञान असल्याची त्यांनी खात्री करून घेतली होती.

"एक्झिक्युटर कोण?" मी विचारलं.

"तूच. तुला आता सवय झालीय."