बांबू फक्त लेबलावर

‘बांबूचा’ म्हणून विकला जाणारा कॉफीचा गुळगुळीत, रंगीत कप घ्या आणि त्यात एक तरी कामटी शोधून दाखवा. सापडणार नाही. त्यात असते बांबूची पूड, आणि ती धरून ठेवते मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडची राळ. म्हणजे प्लास्टिकच. गरम चहा-कॉफी ओतली की यातलं फॉर्मल्डिहाइड आणि मेलामाइन पेयात उतरू शकतं, असं जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेनं २०१९ साली सांगितलं. २०२१ मध्ये युरोपीय संघानं असा माल बाजारातून हटवण्याची मोहीम उघडली. शिवाय पूड आणि राळ एकदा एकजीव झाली की ती ना मातीत मिसळते, ना पुन्हा वितळवता येते. पर्यावरणाच्या नावानं हा कप भेट देणं थांबवा.

कापडात तर याहून मोठी फसवणूक आहे. बांबूचे मोजे, बांबूचे टॉवेल, बाळासाठी बांबूचं झबलं. हातात घेतलं की मऊसूत लागतं, कारण ते बहुतेक वेळा व्हिस्कोज असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमधून काढला की धागा मिळतो. यातलं कार्बन डायसल्फाइड कारखान्यातल्या कामगारांच्या मज्जासंस्थेवर घाला घालणारं विष आहे. निघतो तो रेयॉन. लगदा निलगिरीचा घेतला असता तरी रेयॉनच निघाला असता. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन २००९ पासून यासाठी कंपन्यांच्या मागे आहे. २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोहल्स या दोघांवर मिळून ५५ लाख डॉलरचा दंड बसला, तो रेयॉनला बांबू म्हणून विकल्याबद्दल.

आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ‘पर्यावरणस्नेही’, ‘नैसर्गिक’ असं छापायचं तर पुरावा हवा. तो मागायला लाजू नका. राळ कोणती? धागा कसा काढला? उत्तर नसेल तर वस्तू परत ठेवा. फसलात तर १९१५ हा ग्राहक मदतीचा क्रमांक आहे.

खरा बांबू बुरुडाकडे आहे. सूप, रोवळी, दुरडी, परडी, कोंबड्या झाकायचं डालगं. राळ नाही, रसायन नाही. उभा बांबू कोयत्यानं फोडायचा, कामट्या काढायच्या, त्या सारख्या जाडीच्या होईपर्यंत तासायच्या आणि मग विणायला बसायचं. या कामात बोटं कापतात. मोत्याच्या मोलाचं कौशल्य आहे हे, आणि ते असणाऱ्या बुरुडाशीच आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. राळेच्या कपाची छापील किंमत मुकाट भरणारा माणूस रोवळी घेताना भाव पाडायला लागतो, तेव्हा मला संताप येतो. लग्नात सूप लागतं, देवीला परडी लागते, तेवढ्यापुरता बुरूड आठवतो. घराच्या सजावटीचा विषय निघाला की तोच आपल्याला दिसेनासा होतो.

जिथं हा बांबू उगवतो, तिथल्या माणसांशी कायदाही दीर्घकाळ असाच वागला. बांबू हे गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं त्याला झाडांत घातलं, म्हणून स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तरी परवान्याची कटकट. जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून काढायला २०१७ साल उजाडलं. जंगलातल्या बांबूसाठी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावानं लढा दिला. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकण्यासाठी वाहतुकीचा पास स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती पडला तो एप्रिल २०११ मध्ये. कागदावरचा हक्क आणि ट्रकमध्ये भरलेला बांबू यांच्यात पावणेदोन वर्षं गेली. आज कुठलंही गाव स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकतं, तेव्हा मला त्याचा भाव शंभर जाहिरातींपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

बांबूच्या वस्तूला भुंगा लागतो, बुरशी येते, ही तक्रार खरी आहे. तिला उपायही आहेत. धुतल्यावर उन्हात खडखडीत वाळवायची, ओल्या ओट्यावर पडू द्यायची नाही. दुरडीच्या भेगा आपल्याकडच्या बायका भिजवलेल्या कागदाच्या लगद्यात वाटलेली मेथी घालून लिंपत आल्या आहेत. अशी लिंपलेली दुरडी धान्य सांडू देत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते. हे ज्याला येतं त्याच्याकडून शिकून घ्या.

आता कार्यालयांसाठी. दिवाळीला ‘हरित’ भेटींचे खोके वाटायचे असतील तर बुरुडाला आठ दिवस आधी गाठून उपयोग नाही. पावसाळ्यात कोंब फुटत असताना बांबू तोडत नाहीत, आणि शंभर परड्या हातानं एका आठवड्यात विणून होत नाहीत. उन्हाळ्यात जा, निम्मे पैसे आगाऊ द्या, आणि भाव त्याला सांगू द्या.